बेचाळीस सेंटिमीटर

सुपारीचं वजन चार किलो सातशे.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर, परातीत बसवून,
परात वजा करून.
मंदा म्हणाली, हिला तोलताय की हिचा भाव करताय?
अंबडला एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली मी,
मापाशिवाय काही सुचत नाही.

आधी ती मांडीवर बसायची. मंदाच्या.
नाक खिडकीबाहेर, कान मागे,
गंगापूर रोडचा एकेक वडेवाला तिला तोंडपाठ.
मंदाचा डावा हात तिच्या पोटाखाली.
हात आहे की, आम्ही म्हणायचो,
पट्टे-बिट्टे कशाला.

इंदिरानगरच्या बोगद्याशी
उलट्या बाजूनं रिक्षा आली.
चाळीसचा वेग. फार नाही.
मी ब्रेक दाबला आणि सुपारी
मंदाच्या हातातून निसटली,
असंही नाही म्हणता येणार.
हात तिच्याबरोबर गेला.
डॅशबोर्डवर आधी मनगट, मग कुत्री.
कुत्रीला काही नाही.
मनगटाला सहा आठवडे प्लास्टर.
रिक्षावाल्यानं विचारलं, काका, लागलं का कुणाला?
आणि उत्तर न ऐकता गेला.

डॉक्टर खैरनारांनी तिचे दात पाहिले, बरगड्या चाचपल्या,
मग माझ्याकडे पाहिलं.
गळपट्ट्याला बांधू नका, मानेला हिसका बसतो.
छातीवरून घ्या. मागच्या सीटवर.
खिडकी दोन बोटं.
एवढंच. फी घेतली नाही,
ते मला जास्त लागलं.

सारडा सर्कलच्या पलीकडे इस्माईलभाई गाड्यांच्या सीटा शिवतात.
म्हणाले, लांबी सांगा.
लांबी. हीच तर गोम.
आखूड केली तर तिला आडवं होता येत नाही,
लांब केली तर ती पुढच्या सीटवर आदळणार
आणि पट्टा नुसता दागिना.
रविवारभर मी मागच्या सीटवर, टेप घेऊन, गुडघ्यांवर.
वॉचमन अहिरे येऊन पाहून गेला,
काही विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा.
बेचाळीस सेंटिमीटर. अधिक-उणे एक.
टोकाला फिरकीची कडी, ती मी अंबडहून आणली,
कारण झोपण्याआधी ती तीनदा गोल फिरते
आणि पट्ट्याला पीळ पडता कामा नये.
इस्माईलभाईंनी टाक्यांवर टाके घातले,
पट्टा पायाखाली धरून
अख्ख्या अंगानं वर ओढला.
ह्यात तुम्हीपण बसा, म्हणाले.

सुपारीला हे मान्य नव्हतं.
पहिल्या दिवशी गाडी हललीच नाही.
पार्किंगमध्ये, इंजिन बंद, आम्ही तिघं आत
आणि पनीरचे तुकडे.
(द्राक्षं नाहीत. कुत्र्यांना ती विष.
जन्म पिंपळगावचा, बागेच्या बांधावरचा,
आणि हे नशीब.)
दुसऱ्या दिवशी गेटपर्यंत.
पाचव्या दिवशी जेहान सर्कल,
ती आमच्याकडे पाठ करून,
मानपान चुकलेल्या आत्याबाईसारखी.

आज देवळालीहून येताना
पुढची शाळेची बस एकाएकी थांबली.
मी ब्रेक दाबला.
मागे पट्टा ताणला गेला. कट्. एवढाच आवाज.
आणि माझा डावा हात
स्टिअरिंग सोडून
मंदाच्या छातीपुढे आडवा.
बेल्ट लावलेल्या मंदाच्या.
तिनं हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं.
हा कुठून आला, किती किलो थोपवणार होता,
काही हिशेब नव्हता त्याचा.

मागचे हॉर्न वाजवायला लागले.
गिअर टाका, मंदा म्हणाली.
हात काढायला मला जरा वेळ लागला.

मागे सुपारी उठली,
एकदा, दोनदा, तीनदा गोल फिरली,
कडी फिरली तिच्याबरोबर,
आणि आडवी झाली.